‘असे असेल, तर काय दिसायला हवे?’: जीवशास्त्राच्या गटचर्चेत मॉडेल आणि पुरावा

वाळलेल्या लाकडाचा एक ओंडका टेबलावर ठेवून ‘हे एवढे वजन आले कुठून?’ असे विचारले, तर चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटात पहिले उत्तर बहुधा ‘मातीतून’ असेच येते. मुळे मातीत असतात, खत मातीत घालतात, तेव्हा झाड माती खाऊनच वाढत असणार, हे इतके उघड वाटते की प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण तोंडपाठ असलेली मुलेही हेच सांगतात. समीकरणाच्या डाव्या बाजूला कार्बन डायऑक्साइड असतो हे त्यांना ठाऊक असते. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या वायूचेच पुढे लाकूड होते, ही गोष्ट समीकरण पाठ करून मनात उतरलेली नसते.

अशा प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी गटात बसून, आकृत्या काढून आणि निरीक्षणांचे दाखले देऊन एकमेकांशी वाद घालावा, असा आग्रह विज्ञानशिक्षणात वाढत चालला आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये जाहीर झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या मानकांनी तर ‘मॉडेल तयार करणे व वापरणे’ आणि ‘पुराव्याच्या आधारे युक्तिवाद करणे’ या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला यायलाच हव्यात अशा आठ कार्यपद्धतींमध्ये घातल्या. घरी वही चाळणाऱ्या पालकांना मात्र त्यात व्याख्यांऐवजी बाण, खोडलेले चौकोन आणि ‘आमचे अजून ठरलेले नाही’ असे शेरे दिसतात, आणि हा अभ्यास म्हणायचा की गप्पा, हे त्यांना कळेनासे होते. तो अभ्यास आहे की नाही हे ओळखण्याची एक बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे, आणि ती म्हणजे या लेखाच्या शीर्षकातला प्रश्न त्या चर्चेत कोणी विचारतो का.

मॉडेल म्हणजे शोभेची प्रतिकृती नव्हे

मॉडेल म्हटले की थर्मोकोल कापून रंगवलेली पेशी डोळ्यांसमोर येते. या लेखात तो अर्थ अभिप्रेत नाही. एखादी गोष्ट कशी किंवा का घडते याविषयीची अशी मांडणी, की जिच्यावरून पुढे काय दिसेल हे आधीच सांगता येते, तिला आपण मॉडेल म्हणू. ती मांडणी आकृतीच्या रूपात असेल, बाणांनी जोडलेल्या चौकोनांच्या रूपात असेल, समीकरण असेल किंवा ‘साखर पानात तयार होते आणि तिथून मुळांकडे जाते’ असे एक साधे वाक्यही असेल.

याची सर्वांत जवळची उपमा नकाशाची आहे. रस्त्यांच्या नकाशात पाऊस दाखवलेला नसतो आणि पावसाच्या नकाशात रस्ते नसतात, म्हणून त्यांना कोणी खोटे ठरवत नाही. ज्या कामासाठी नकाशा काढला त्या कामाला तो पुरतो की नाही, एवढेच पाहिले जाते. मॉडेलचेही तसेच असते, पण विद्यार्थ्यांना हे आपसूक कळत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात सातवीच्या आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांना मॉडेल म्हणजे काय असे विचारले होते, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या लेखी मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची लहान किंवा मोठी नक्कल होती. ते विचार करण्याचे आणि तपासून पाहण्याचे साधन असते, ही समज तज्ज्ञांकडे होती, मुलांकडे क्वचितच. मॉडेल ‘कशाचे’ आहे हे मुलांना सांगता येते, ते ‘कशासाठी’ आहे हे सांगताना ती अडखळतात. वर्गातल्या निम्म्याअधिक निष्फळ चर्चा, माझ्या मते, इथेच फसतात, कारण नकलेविषयी ‘हुबेहूब आहे की नाही’ याखेरीज वाद घालण्यासारखे काही उरतच नाही.

भिंतीवरची ओल आणि पुराव्याचा जन्म

घराच्या भिंतीवर ओलीचा डाग पडला आहे असे समजू. एकाचे म्हणणे, भिंतीतला पाइप गळतो आहे; दुसऱ्याचे म्हणणे, बाहेरून पावसाचे पाणी झिरपते आहे. डाग ओला आहे हे दोघांनाही मान्य आहे, आणि नेमके म्हणूनच त्या निरीक्षणाचा या वादात काही उपयोग नाही. पाइप गळत असेल, तर पाऊस नसतानाही डाग ओलाच राहायला हवा आणि पाण्याचा कॉक बंद ठेवला की काही दिवसांत तो सुकू लागायला हवा. पाऊस कारण असेल, तर कॉक बंद करून काहीच फरक पडणार नाही. आता ‘कोरड्या हवेतही डाग ओला होता’ ही नोंद एकदम मोलाची ठरते, कारण तिच्याविषयी दोन मॉडेल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

नोंद आणि पुरावा यांतला फरक तो एवढाच. नोंद वहीत पडून असते. कोणत्या तरी मॉडेलने ‘असे दिसेल’ किंवा ‘असे दिसणार नाही’ म्हटल्यावर तिचा पुरावा होतो. स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यात हा मधला सांधा स्वतंत्रपणे दाखवला आहे. त्या रचनेतले तीन भाग आपल्या कामाचे आहेत: दावा, त्याला आधार म्हणून दिलेली नोंद, आणि त्या नोंदीवरून तो दावा का निघतो हे सांगणारा दुवा. विद्यार्थी दावा हिरिरीने मांडतात, विचारले तर नोंदही देतात, परंतु दुवा बहुतेक वेळा गाळतात, कारण तो त्यांना सांगण्याइतका महत्त्वाचा वाटत नाही. ‘कुंडीला पाणी घातले नाही म्हणून रोप सुकले, म्हणजे रोपाचे वजन पाण्यातूनच येते’ या वाक्यात दावा आहे आणि नोंदही आहे. पण सुकणे म्हणजे रोपाने आजवर कमावलेले सगळे वजन नाहीसे होणे, हा जो दुवा इथे गृहीत धरला आहे, तो उच्चारला असता तर बोलणारा स्वतःच थबकला असता.

२०० पौंड माती, ५ पौंडांचे रोप

लाकडाच्या ओंडक्याकडे परत येऊ. यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट या अभ्यासकाने सतराव्या शतकात केलेला एक प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापून आला. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका मोठ्या भांड्यात भरली, तिच्यात ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले, वरून धूळ पडून वजन वाढू नये म्हणून भांड्यावर छिद्रे पाडलेला पत्रा बसवला, आणि पाच वर्षे त्याला पावसाचे किंवा उर्ध्वपातित पाणी तेवढे घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती सुमारे २ औंसांनीच कमी झालेली होती.

हा मजकूर गटापुढे ठेवला की ‘मातीतून’ हे उत्तर मागे पडते, आणि ते का पडते हे मुलांना सहसा स्वतःहून सांगता येते: झाड मातीतून वाढले असते, तर माती १६४ पौंडांच्या आसपास घटायला हवी होती, आणि ती तशी घटली नाही. जमाखर्चाची वही लिहिणाऱ्याला कळेल असा हा तर्क आहे. झाडाच्या खात्यात एवढी रक्कम जमा झाली असेल, तर ती कोणाच्या तरी खात्यातून वजा झालेली दिसलीच पाहिजे.

यापुढचा भाग मला जास्त शिकवणारा वाटतो. व्हान हेल्माँटने निष्कर्ष काढला तो असा की झाडाचे सगळे वजन पाण्यातून आले. त्याच्या जमाखर्चात दोनच खाती होती, माती आणि पाणी. मातीचे खाते रिकामे निघाले, तेव्हा सगळी रक्कम त्याने पाण्याच्या नावावर लिहिली. यातली गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द रूढ करणारा माणूस तोच. ६२ पौंड कोळसा जाळला तर जेमतेम १ पौंड राख उरते आणि बाकीचा भाग वायू होऊन उडून जातो, हेही त्यानेच नोंदले होते. जळताना लाकडातून वायू निघतो हे त्याला दिसले होते, मात्र लाकूड घडताना वायू आत जात असेल, हे तिसरे खाते उघडावे असे त्याला सुचले नाही.

पुरावा मांडलेल्या मॉडेलांपैकीच निवड करू शकतो, न मांडलेले मॉडेल तो सुचवीलच असे नाही. त्यामुळे गटचर्चेत ‘आणखी कोणती शक्यता राहिली आहे का?’ असे विचारणारा विद्यार्थी वेळ घालवत आहे असे वाटले, तरी तो सगळ्यांत कठीण काम करत असतो.

गटात प्रत्यक्षात काय बोलले जाते

अशा चर्चेचा नमुना म्हणून चार विद्यार्थी कल्पून पाहू. माती बाद झाली आहे आणि फळ्यावर आता पाणी व हवा एवढीच उत्तरे उरली आहेत.

‘हवेतून कसं येईल? हवेला वजन तरी असतं का?’ एक जण विचारतो. दुसरी म्हणते, ‘असतं की. फुगवलेला फुगा आणि रिकामा फुगा तोलून पाहिलाय आपण.’ तिसरा तक्ता उघडून सांगतो, ‘अगं, पण कार्बन डायऑक्साइड हवेत ०.०४ टक्केच आहे. एवढ्याशा वायूतून एवढं मोठं झाड?’

तिसऱ्याचा हा आक्षेप चांगला आहे आणि त्याला ‘पुस्तकात तसेच दिले आहे’ हे उत्तर पुरत नाही. हिशेब करून पाहावा लागतो. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड १ ग्रॅमपेक्षाही थोडा कमी असतो आणि त्यातला कार्बन जेमतेम ०.२ ग्रॅम. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळपास निम्मे कार्बनचे असते. म्हणजे १ किलो वाळल्या लाकडात ५०० ग्रॅमच्या आसपास कार्बन, आणि तेवढा मिळवायला सुमारे अडीच हजार घनमीटर हवा लागेल. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत २४० घनमीटर हवा मावते. तेव्हा असल्या साधारण १० खोल्यांमधला सगळा कार्बन काढून घेतला तर १ किलो लाकूड होते.

‘म्हणजे शक्य आहे, पण झाडाला खूप हवा लागेल,’ असे तिसरा म्हणतो, आणि इथे चर्चा वळते. कारण आता मॉडेलकडून एक नवीन अपेक्षा निर्माण झाली आहे: झाडाला एवढी हवा हाताळायची असेल, तर पानांना भरपूर पृष्ठभाग आणि हवा आत घ्यायला असंख्य दारे हवीत. सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या सालीवर दिसणारी पर्णरंध्रे त्यांनी मागच्या आठवड्यात पाहून वहीत काढलेली असतात, पण ते चित्र आतापर्यंत निव्वळ चित्र होते.

चौथी इतका वेळ गप्प होती. ती विचारते, ‘मग पाण्याचं काय? पाण्यातून काहीच नाही?’ हाही प्रश्न निकालात काढण्यासारखा नाही. १८०४ मध्ये निकोला-थिओडोर द सोस्यूर याने मोजमापे करून दाखवले होते की वनस्पतीच्या वजनात पडलेली भर तिने घेतलेल्या कार्बनपेक्षा जास्त असते, आणि ती जादा भर पाण्यातून येते. व्हान हेल्माँट सगळाच चुकला नव्हता, हे एखाद्या गटाने आपल्या बळावर शोधून काढले, तर त्या तासिकेचे चीज झाले असे मी म्हणेन.

घाईने लागलेला निकाल

पुरावा एका मॉडेलशी जुळला की विद्यार्थी तिथेच थांबतात. हे सर्वांत स्वच्छ दिसते ते डीएनएच्या प्रतींविषयीच्या चर्चेत. डीएनए ही दोन पदरी दोरी मानली, तर तिची प्रत निघताना तीन गोष्टी संभवतात. जुनी दोरी अखंड राहील आणि शेजारी संपूर्ण नवी तयार होईल, हे पहिले मॉडेल. जुन्या दोरीचे पदर सुटतील आणि प्रत्येक पदराला नवा जोडीदार मिळेल, हे दुसरे. जुन्याचे तुकडे होऊन ते दोन्ही दोऱ्यांच्या दोन्ही पदरांत विखुरले जातील, हे तिसरे. मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जिवाणूंना आधी जड नायट्रोजनवर वाढवले (डीएनएत नायट्रोजन असतो, त्यामुळे तोही जड होतो), मग साध्या, हलक्या नायट्रोजनवर आणले, आणि दर पिढीतला डीएनए क्षाराच्या द्रावणात अतिशय वेगाने फिरवून तो किती जड आहे हे पाहिले. डीएनए आपल्या घनतेप्रमाणे द्रावणात जिथे स्थिरावतो तिथे पट्टा दिसतो.

पहिल्या पिढीनंतर जड आणि हलका यांच्या बरोबर मध्ये एकच पट्टा आला. गटाला एवढेच चित्र दिले, तर ‘दुसरे मॉडेल सिद्ध झाले’ असा निकाल दोन मिनिटांत लागतो. त्यांचे उत्तर बरोबर आहे आणि तरीही त्यांचा तर्क चुकला आहे, हे शिक्षकाने ओळखणे इथे अवघड असते. मधला एकच पट्टा दुसरे मॉडेल सांगते तसा तिसरेही सांगते, कारण विखुरलेल्या तुकड्यांच्या दोऱ्याही निम्म्या जड, निम्म्या हलक्याच असणार. पहिले मॉडेल तेवढे बाद झाले, कारण त्यानुसार एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसायला हवे होते. उरलेल्या दोघांतला निवाडा दुसऱ्या पिढीवर होतो: पदर सुटत असतील, तर एक पट्टा मध्ये आणि एक हलक्या जागी दिसेल, तुकडे विखुरत असतील, तर एकच पट्टा मध्य आणि हलका यांच्या अधेमध्ये सरकलेला दिसेल. प्रत्यक्षात दोन पट्टे दिसले.

असा पाठ घेताना दुसऱ्या पिढीचे चित्र आधी न देता, प्रत्येक मॉडेलनुसार ते कसे दिसेल हे गटाकडून कागदावर काढून घेणे फार उपयोगी पडते. भाकीत लिहून झाल्यावर आलेला पुरावा आणि आधी पुरावा पाहून मग जुळवलेले स्पष्टीकरण, यांची किंमत सारखी नसते.

प्रयोग चुकला की मॉडेल चुकले?

स्टार्चच्या चाचणीत पानाचा थोडा भाग काळ्या कागदाने झाकतात, रोप उन्हात ठेवतात, नंतर पानातले हरितद्रव्य काढून त्यावर आयोडीन घालतात. झाकलेल्या भागात प्रकाश पोचला नाही, तेव्हा तिथे स्टार्च नसणार आणि तो भाग निळा-काळा होणार नाही, ही अपेक्षा. परंतु कधी कधी सगळेच पान निळे-काळे होते. गटाचा पहिला उद्गार ठरलेला असतो: ‘आपला प्रयोग चुकला.’ मग शेजारच्या गटाचा निकाल वहीत उतरवला जातो.

क्लार्क चिन आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९३ मध्ये, आपल्या कल्पनेशी न जुळणाऱ्या निरीक्षणाला लोक कोणकोणत्या तऱ्हेने तोंड देतात, याचे सात प्रकार मांडले. त्याकडे दुर्लक्ष करणे, ते नाकारणे, ‘याचा आपल्या विषयाशी संबंध नाही’ म्हणणे, ते बाजूला ठेवून देणे, त्याचा वेगळा अर्थ लावणे, मॉडेलला वरवरचे ठिगळ लावणे. आणि या सगळ्यांनंतर, मॉडेल खरोखर बदलणे. ही यादी विद्यार्थ्यांना हिणवण्यासाठी नाही, शास्त्रज्ञही हेच करतात. शिवाय निरीक्षण नाकारणे प्रत्येक वेळी अयोग्यच असते असेही नाही, कारण प्रयोग खरोखरच चुकू शकतो.

म्हणून ‘प्रयोग चुकला’ या वाक्यालाही एक दावा समजून तोच प्रश्न विचारायचा. चुकला म्हणजे कुठे चुकला, आणि तसे असेल तर आणखी काय दिसायला हवे? निळ्या-काळ्या पानाच्या बाबतीत एक शक्यता अशी, की कागद लावण्याआधीच पानात स्टार्च साठलेला होता आणि तो खर्च व्हायला वेळच मिळाला नाही. तसे असेल, तर रोप एक-दोन दिवस पूर्ण अंधारात ठेवून मग कागद लावला असता झाकलेला भाग निळा-काळा होता कामा नये. यात प्रकाशाचे मॉडेल मोडत नाही, त्यात साठवण आणि खर्च यांची भर पडते. अंधारात ठेवण्याची ही पायरी प्रयोगवहीत आधीच छापलेली असते आणि बहुतेक विद्यार्थी ती आदेश म्हणून पाळतात. पायरी गाळून बिघडलेल्या प्रयोगावर चर्चा करणाऱ्या गटालाच ती तिथे का आहे हे कळते.

जीवशास्त्रात यात आणखी एक गुंता असतो, तो योगायोगाचा. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यांत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. त्याच्या मॉडेलनुसार अपेक्षित असलेल्या ३:१ या प्रमाणाच्या अगदी जवळ. गटाला मात्र नाणी उडवून किंवा चिठ्ठ्या काढून ८ ‘दाणे’ तयार करायला सांगितले आणि ५ व ३ आले, की कोणी तरी मेंडेलला खोटा ठरवतो. ३:१ चे मॉडेल खरे असतानाही ८ दाण्यांत नेमके ६ आणि २ येण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे ‘असे असेल, तर काय दिसायला हवे?’ याचे उत्तर इथे एक आकडा नसून आकड्यांचा पल्ला असतो. सगळ्या गटांचे दाणे एकत्र केले की तो पल्ला आवळत जातो.

‘गरज होती म्हणून’ हे कारण नव्हे

खिडकीत ठेवलेले रोप उजेडाकडे का वाकते? ‘त्याला प्रकाश हवा असतो म्हणून,’ हे उत्तर इतके सहज येते की त्यावर चर्चा करण्यासारखे काही आहे असेच वाटत नाही. हे वाक्य खोटे नाही, पण ते मॉडेल म्हणून कुचकामी आहे, कारण त्यावरून कोणत्या बदलाने वाकणे थांबेल हे सांगता येत नाही. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवताच्या कोवळ्या अंकुरांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत अंकुराचे टोक झाकले असता तो वाकला नाही. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला, तर वाकला. वाकतो तो खालचा भाग, मात्र प्रकाश ओळखला जातो टोकाशी. मग टोकाकडून खाली काही तरी जात असले पाहिजे. ‘हवा असतो म्हणून’ या वाक्यातून टोक झाकून पाहण्याची कल्पना कधीच निघाली नसती.

गटात अशी वाक्ये आली की त्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही. ‘हवा असतो हे ठीक, पण ते वाकण्यापर्यंत पोचते कसे?’ एवढे विचारले की पुरे.

‘आधी माहिती तर येऊ द्या’

हा आक्षेप सगळ्यांत जुना आणि बऱ्याच अंशी रास्त आहे. ज्याला कार्बन म्हणजे काय हे माहीत नाही, तो लाकडाच्या वजनावर काय बोलणार? माहितीशिवाय केलेली चर्चा म्हणजे नुसता कल्ला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. व्हान हेल्माँटकडे वायूची माहिती होती, पण ती प्रश्नाला जोडली गेली नाही; समीकरण पाठ असूनही ‘मातीतून’ म्हणणाऱ्या मुलांचे तेच होते. चर्चा माहिती देण्याचे काम फारसे करत नाही, असलेल्या माहितीला कामाला लावते. म्हणून ती धड्याच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी न ठेवता मध्ये, थोडे शिकवून झाल्यावर आणि बरेच शिकवायचे बाकी असताना ठेवणे बरे.

‘मोठ्याने बोलणाऱ्याचेच खरे ठरते’

असे घडते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नील मर्सर या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाने वर्गातल्या गटांच्या बोलण्याचे तीन प्रकार वर्णिले आहेत: एकमेकांना खोडून काढणारी वादावादी, एकमेकांच्या होला हो मिळवणारे गोड बोलणे, आणि कारणे देत-मागत केलेली शोधक चर्चा. शिक्षकांना पहिल्याची धास्ती असते, मला दुसऱ्याची जास्त वाटते. तिथे भांडण नसते, सगळे वेळेत संपते, कागदावर एकमताचे उत्तर येते आणि ते कोणीच तपासलेले नसते.

तरीही एकट्याने विचार करण्यापेक्षा गट बरा, असे मानायला आधार आहे. पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या चार पत्त्यांच्या कोड्यात ‘हा नियम खोटा ठरवायचा असेल तर कोणते पत्ते उलटून पाहाल?’ असे विचारलेले असते, म्हणजे आपलाच प्रश्न वेगळ्या वेषात. डेव्हिड मोशमन आणि मॉली गील यांच्या १९९८ च्या अभ्यासात एकेकट्याने ते सोडवणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ९ टक्क्यांनाच बरोबर उत्तर आले, तर गटांपैकी ७५ टक्के गटांना आले. अर्थात ते कोडे तर्काचे आहे, जीवशास्त्राचे नाही, हा फरक विसरून चालणार नाही. प्रत्येकाने आपले भाकीत आधी एकट्याने लिहायचे आणि मग बोलायला सुरुवात करायची, ही साधी शिस्त पाळली तरी गप्प बसणाऱ्यांचे म्हणणे निदान कागदावर येते.

‘चुकीच्या मॉडेलवर चर्चा करून मुले चुकीचेच शिकतील’

पेशीपटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, इतिहास पाहिला तर ही भीती थोडी ओसरते. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींमधले मेद काढून पाण्यावर पसरले. त्यांचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले आणि पटल दोन थरांचे आहे हे बरोबर मॉडेल त्यांना मिळाले. त्यांच्या पद्धतीने सगळे मेद निघाले नव्हते आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी मोजला होता. दोन चुकांनी एकमेकींना झाकले. पुढे १९३५ मध्ये त्या थरांच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांचे अस्तर असल्याचे मॉडेल आले आणि ते कित्येक वर्षे पुस्तकांत राहिले. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकमेकींत मिसळवून, दोघींच्या पटलावरची प्रथिने दोन वेगळ्या रंगांनी ओळखू येतील अशी केली. प्रथिने जागच्या जागी चिकटलेली असती, तर अर्धी पेशी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची राहिली असती. ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत रंग सगळीकडे मिसळले. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेल्या, तरंगत्या प्रथिनांच्या मॉडेलला या प्रयोगाचा मोठा आधार मिळाला.

चुकीचे मॉडेल धोकादायक ठरते ते त्याला काहीच पणाला लावावे लागत नाही तेव्हा. शिक्षकाने गटाला चुकीच्या उत्तरावर तसेच सोडून घंटा झाल्यावर निघून जावे, असे अर्थातच कोणी सुचवत नाही. स्वीकारलेले मॉडेल कोणते आणि ते का स्वीकारले, हे शेवटी स्पष्ट सांगावेच लागते.

वेळेचे काय?

वेळ जास्त लागतो, हे खरे आहे. प्रत्येक धड्याला हे जमणार नाही आणि जमवूही नये. अवयवांची नावे पाठ करायला गटचर्चेची गरज नाही. जिथे दोन समंजस माणसे एकच नोंद पाहून दोन वेगळ्या गोष्टी म्हणू शकतात, असे वर्षातले चार-पाच विषय निवडले तरी पुष्कळ झाले.

राहिलेले २ औंस

व्हान हेल्माँटने मातीतली ती २ औंसांची घट क्षुल्लक म्हणून सोडून दिली. एखाद्या गटात कोणी तरी तिच्यावर बोट ठेवतेच: ती तोलण्यातली चूक होती, की झाडाने खरोखर मातीतून काही घेतले होते? दोन्ही शक्य आहे. चूक असेल, तर प्रयोग अनेक कुंड्यांवर केल्यास काही ठिकाणी माती थोडी कमी आणि काही ठिकाणी थोडी जास्त भरायला हवी. झाडाने घेतले असेल, तर ती दर वेळी कमीच भरेल, आणि जे मातीतून गेले ते लाकूड जाळल्यावर मागे उरणाऱ्या राखेत सापडायला हवे. झाडाने दर शरद ऋतूत गाळलेली पाने त्याने तोललीच नव्हती, त्यांची राखही हिशेबात धरावी लागेल. आणि ती सगळी राख २ औंसांपेक्षा पुष्कळ जास्त भरली तर? मग पावसाच्या पाण्यातून काय आले, पत्र्याच्या छिद्रांमधून काय पडले, यांची खाती उघडावी लागतील.